पावसानंतर झाडं एकदम का फुलतात? बहर, ताण आणि मृगाचा पाऊस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागा पाहिल्या तर परक्या माणसाला वाटेल, ही झाडं आता काही जगत नाहीत. पानं वळलेली, रंग उडालेला, आळ्यांमध्ये भेगा. मृगाचा पाऊस बरसला की तीन-चार आठवड्यांत त्याच बागा पांढऱ्या होतात आणि वास रस्त्यापर्यंत येतो. हे कसं होतं, याबद्दल बागायतदार, शहरात गच्चीवर झाडं लावणारे आणि नुसते फुलं बघणारे बरेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. संत्र्यावर जास्त लिहिलं आहे, कारण पाऊस आणि फूल यांचं नातं या झाडाइतकं स्पष्ट फार कमी ठिकाणी दिसतं.

पाऊस पडला म्हणून फुलं येतात, हे खरं का?

अर्धं खरं. फुलं पावसाने उमलतात, पण ठरतात ती पावसाआधीच्या कोरड्या दिवसांत. पाणी मिळेनासं झालं की झाडाची वाढ थांबते. नवी पानं काढायचं बंद होतं, फांद्यांमध्ये अन्नसाठा जमत जातो आणि फांदीवरच्या डोळ्यांमध्ये, म्हणजे जिथून नवा कोंब फुटतो तिथे, फुलं धरण्याची तयारी होते. दिव्यात तेल-वात आधीच असते, पाऊस फक्त काडी लावतो. म्हणूनच बारमाही भरपूर पाणी पिणारं झाड हिरवंगार दिसतं, पण त्याला बहर येत नाही. पुष्कळ लोक फुलांचं सगळं श्रेय पावसाला देतात. मला त्यातला निम्म्याहून जास्त वाटा उन्हाळ्याचा वाटतो.

मग पाऊस नेमकं करतो तरी काय?

झोपलेल्या कळीला उठवतो. कोरड्या दिवसांत झाडात ॲब्सिसिक ॲसिड नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते वाढ रोखून धरतं. मुळांना पाणी मिळालं की ही पकड सैल होते, जिब्रेलिनसारखी वाढीची संप्रेरकं पुढे येतात आणि कळीच्या पेशी पाणी ओढून फुगू लागतात. फूल उमलणं म्हणजे बऱ्याच अंशी आधी तयार झालेल्या पेशींमध्ये पाणी भरणं, त्यामुळे ते इतक्या झपाट्याने होतं.

जोराच्या पावसाने हवाही एकदम गार होते आणि काही झाडांना हा गारवाच पुरतो. आग्नेय आशियात आढळणारं डेंड्रोबियम क्रुमेनाटम हे आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या जातीतलं फूल त्याचं प्रसिद्ध उदाहरण आहे. मोठ्या सरीने तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की बरोबर नवव्या दिवशी त्या भागातली या जातीची सगळी झाडं एकाच सकाळी फुलतात, आणि संध्याकाळपर्यंत फुलं कोमेजूनही जातात.

पाऊस झाल्यावर किती दिवसांनी फुलं दिसतात?

झाडागणिक वेगळं. कुंडीतली रेन लिली तीन-चार दिवसांत डोकं वर काढते. कॉफीला आठ-दहा दिवस लागतात. संत्रा, मोसंबी, लिंबू यांना तीन ते चार आठवडे, कारण त्यांना आधी नवी पालवी काढायची असते. आमच्या विदर्भात तिला नवती म्हणतात, आणि फूल या नवतीसोबतच येतं.

कॉफीचं उदाहरण जरा थांबून बघण्यासारखं आहे. कर्नाटकातल्या कोडगू आणि चिक्कमगळुरूमध्ये फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान एक चांगली सर व्हावी म्हणून मळेवाले आभाळाकडे डोळे लावून बसतात. साधारण २५ ते ४० मिलिमीटर पाऊस एका दमात पडला तर डोंगरच्या डोंगर पांढरे होतात. नुसती भुरभुर झाली तर कळ्या अर्धवट जाग्या होतात, नीट उमलत नाहीत आणि त्यांना फळ धरत नाही. म्हणून रोबस्टा जातीच्या मळ्यांत आता पावसाची वाट न पाहता तुषार सिंचनाने तेवढं पाणी देतात. कॉफीच्या कळीला आधी पाण्याचा ताण लागतोच, हे पाउलो आल्विम या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९६० साली दाखवून दिलं. विदर्भातला शेतकरी संत्र्याच्या बाबतीत हेच तत्त्व वापरत आला आहे.

मृग बहर, आंबिया बहर, हस्त बहर हे काय असतं?

लिंबूवर्गीय झाडं, डाळिंब आणि पेरू यांना आपल्या हवामानात वर्षातून तीनदा फुलं येऊ शकतात. जानेवारी-फेब्रुवारीत येतो तो आंबिया बहर, जून-जुलैत मृग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हस्त. यातली शेवटची दोन्ही नावं पावसाच्या नक्षत्रांवरून आली आहेत. मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतो, हस्त सप्टेंबरच्या अखेरीस.

झाडाला मोकळं सोडलं तर ते तिन्ही वेळा थोडं थोडं फुलतं. मग फळं आगेमागे पिकतात, तोडणीला मेळ राहत नाही आणि झाडही थकतं. म्हणून बागायतदार एकच बहर धरतो आणि बाकीचे टाळतो. त्यासाठी त्याच्या हातातलं मुख्य साधन म्हणजे पाणी तोडणं.

संत्र्याला मृग बहरासाठी ताण कसा देतात?

आधी बाग ताणावर सोडायची, म्हणजे ओलीत (पाणी देणं) पूर्ण बंद करायचं. हलक्या ते मध्यम जमिनीत महिना-सव्वा महिना पुरतो, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने लागू शकतात. मृगासाठी हा काळ एप्रिलचा शेवट आणि मे असा येतो, त्यामुळे ऊनच बरंचसं काम करतं. याच दिवसांत वाळलेल्या फांद्या, म्हणजे सल, काढून घ्यावी आणि पावसाळ्याआधी खोडाला बोर्डो पेस्ट लावावी. ताणलेल्या झाडाच्या बुंध्याशी एकदम पाणी साचलं तर डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक पाझरण्याचा रोग, लवकर शिरतो. हे काम पुढे ढकलणाऱ्या बागा ऑगस्टमध्ये ओळखू येतात.

मृगाचा पाऊस वेळेवर आणि भरपूर झाला तर ताण तोच तोडतो. शेतकऱ्याने तोवर आळी नीट करून शेणखत घालून ठेवायचं, रासायनिक खतांची पहिली मात्रा द्यायची आणि पाऊस मुरू द्यायचा. पावसाने ओढ दिली तर विहिरीचं पाणी द्यावं लागतं, पण तेही पहिल्या खेपेला हलकं. याला आंबवणीचं पाणी म्हणतात. चार-सहा दिवसांनी दुसरं, चिंबवणीचं पाणी जरा जास्त द्यायचं. महिनाभर उपाशी असलेल्या झाडाला एकदम पाट सोडला तर फूल येण्याऐवजी नुसती पानांची नवती फुटण्याचा धोका असतो.

ताण पुरेसा बसला हे ओळखायचं कसं?

पानांवरून. दुपारी पानं मलूल होणं ही उन्हाळ्यातली नेहमीची गोष्ट आहे, त्यावर जाऊ नका. सकाळी लवकर बागेत जा. रात्रभराच्या गारव्यानंतरही पानं वळलेलीच असतील, हिरवा रंग फिकट पिवळसर झाला असेल आणि साधारण पाव हिस्सा पानं गळून आळ्यात पडली असतील, तर ताण बसला. याहून पुढे नेऊ नका. फांद्यांचे शेंडे वाळू लागले की झाड फुलांची तयारी सोडून जीव वाचवायच्या मागे लागतं.

खोल काळ्या जमिनीत ही लक्षणं उशिरा दिसतात, कधी दिसतच नाहीत, कारण खालची ओल मुळांना पुरत राहते. अशा जमिनीत बहर दरवर्षी सारखा येत नाही.

मे महिन्यातच पाऊस झाला तर?

तर मृग बहराचं गणित बिघडतं. हा प्रश्न पूर्वी क्वचित कोणी विचारायचं, आता दरवर्षी विचारला जातो. २०२५ साली मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. मुंबईची सरासरी तारीख ११ जून आहे, म्हणजे पंधरवडाभर आधी. मे महिन्यातच ओल मिळाली की ज्या झाडांचा ताण अर्धवट झालेला असतो त्यांची कळी तयार होण्याआधीच वाढ सुरू होते. मग नवती जोरात येते आणि फूल तुरळक.

अशा वेळी खरी अडचण ही की ताण पुन्हा देता येत नाही, पाऊस आपल्या हातात नसतो. ज्यांच्याकडे विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं त्यांनी मृग सोडून आंबिया बहराकडे जावं, असं माझं मत आहे. आंबियाचा ताण डिसेंबरच्या थंडीत बसतो आणि तेव्हा पाऊस मोडता घालण्याची शक्यता कमी असते. पाणी नसलेल्यांना मात्र हा पर्याय नाही, कारण आंबियाची कोवळी फळं ऐन उन्हाळ्यात झाडावर असतात आणि त्यांना पाणी लागतंच.

येणारी कळी फुलाची आहे की पानाची, हे लवकर कळतं का?

कळतं, भिंग असेल तर आणखी लवकर. ताण तुटल्यावर दुसऱ्या आठवड्यात गेल्या हंगामातली, पेन्सिलीहून बारीक अशी फांदी हातात घ्या. पानाच्या देठाच्या बेचक्यात हिरवा ठिपका दिसेल. तो टोकदार आणि चपटा असेल तर पान. गोलसर, टाचणीच्या डोक्याएवढा आणि किंचित फिका असेल तर फूल. पुढच्या काही दिवसांत तो लांबट होतो, हिरव्याचा पांढरा होतो आणि मग पाच जाडसर, मेणचट पाकळ्या मागे वळतात. मधोमध पिवळ्या परागांचा झुबका आणि त्यातून वर आलेली एकच कुक्षी, तिच्यावर चिकट थेंब. हा थेंब दिसतो तेव्हा फूल पराग घ्यायला तयार असतं. सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान बागेत उभं राहिलात तर मधमाश्यांचा आवाज बोलण्याच्या आड येईल इतका असतो. या वेळेत फवारणी करू नका, ही कळकळीची विनंती.

बहर आल्यावर पुन्हा धो-धो पाऊस झाला तर नुकसान होतं?

होतं. पराग धुऊन जातो, माश्या बाहेर पडत नाहीत आणि ओल्या पाकळ्यांवर बुरशी धरते. डाळिंबात तर मृग बहर धरणं म्हणजे तेल्या रोगाला आमंत्रण, कारण त्याचे जिवाणू पावसाच्या थेंबांबरोबर उडत पसरतात. सोलापूर, सांगोला, आटपाडी भागातले बरेच डाळिंबवाले याच कारणाने हस्त किंवा आंबिया बहराकडे वळले.

पण पावसापेक्षा पावसाची उघडीप जास्त मारते. मृगात जोराची सर आली, कळ्या निघाल्या आणि मग पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडं राहिलं, तर कळ्या आणि नुकती धरलेली फळं दोन्ही गळतात. अशा वेळी हाताशी थोडं तरी पाणी हवं.

मृगाची संत्री चांगली की आंबियाची?

चवीला मृगाची. ती फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात, थंडी खाऊन पिकतात, गोडी आणि रंग दोन्ही चांगले असतात. आंबियाची ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात. खायला बसलात तर मार्चमधलं संत्रं घ्या.

मग लिंबाचं काय? उन्हाळ्यात लिंबू महाग का होतं?

कारण उन्हाळ्यात फळ हवं असेल तर झाड सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे हस्त बहरात फुलायला हवं. आणि त्याआधी ताण द्यायचा तर नेमका पावसाळा चालू असतो, पाणी तोडणार कसं? म्हणून कागदी लिंबाच्या हस्त बहरासाठी संप्रेरकांची मदत घेतात. जूनमध्ये जिब्रेलिक ॲसिड फवारून मृगाचं फूल रोखायचं, सप्टेंबरात सायकोसेलने वाढ थांबवायची आणि ऑक्टोबरात पोटॅशियम नायट्रेट द्यायचं, अशी शिफारस आहे. प्रमाण आपल्या भागातल्या कृषी विद्यापीठाकडून किंवा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडून विचारून घ्या, दुकानदाराच्या सांगण्यावर जाऊ नका.

आंब्याला पाऊस का नको असतो?

आंब्याला कोरडं तर हवंच असतं, शिवाय थंडीही हवी असते. पावसाळा संपून जमीन सुकली आणि रात्री गार झाल्या की हापूसला मोहर फुटतो. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला तर तीच काडी पालवी काढते आणि मोहर लांबतो. मोहर आल्यावर पाऊस झाला तर करपा, भुरी आणि तुडतुडे हे तिन्ही मागे लागतात. कोकणातल्या बागायतदाराला जानेवारीतलं ढगाळ आभाळ पाहून झोप लागत नाही ती यामुळे.

रस्त्याकडेचे गुलमोहर, बहावा, ताम्हण पावसाने फुलतात का?

नाही. ही तिन्ही झाडं उन्हाळ्याची आहेत. गुलमोहर आणि बहावा एप्रिल-मेमध्ये भरात असतात आणि पहिल्या जोराच्या पावसात त्यांच्या पाकळ्यांचा सडा पडतो. ताम्हण, आपलं राज्यफूल, महाराष्ट्र दिनाच्या आसपास जांभळं होतं आणि पावसाळ्यात कधीकधी पुन्हा थोडं फुलतं.

बहावा फुलला की ४५ दिवसांनी पाऊस येतो, असं पुष्कळ जण खात्रीने सांगतात. बहावा एप्रिलच्या उत्तरार्धात फुलतो. त्यात ४५ दिवस मिळवले तर जूनचा पहिला पंधरवडा येतोच. पण त्यावर पेरणी ठरवू नका.

मुंबईत पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळी-घाटकोपरच्या पट्ट्यात जी गुलाबी फुलं दिसतात ती टॅबेबुया रोझियाची, मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातली. इथे ती फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत फुलतात. हेच झाड सिंगापुरात, जिथे वर्षभर पाऊस पडतो, तिथे काही कोरड्या आठवड्यांनंतर जोराचा पाऊस झाला की फुलतं, बहुधा मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. आपल्याकडे कोरडे महिने सलग येतात, तिथे ते तुकड्यातुकड्याने मिळतात, म्हणून वेळापत्रकही बदलतं.

मग आपल्या रानात पावसाबरोबर फुलणारी झाडं कोणती?

कदंब सगळ्यांत आधी. जून ते ऑगस्टमध्ये त्याचे पिवळे-केशरी गेंद दिसतात. जवळून पाहिलं तर तो एक गेंद म्हणजे शेकडो बारीक फुलं असतात आणि प्रत्येक फुलातून एक पांढरी कुक्षी बाहेर आलेली असते, त्यामुळे सगळ्या गेंदाला पांढरी लव असल्याचं वाटतं. पाऊस पडून गेल्यावर या लवेवर पाण्याचे कण अडकून राहतात.

कुडा उन्हाळ्याच्या अखेरीस फुलू लागतो आणि पहिल्या पावसात पांढरा असतो. कालिदासाचा यक्ष आषाढातल्या ढगाला अर्घ्य देतो ते या कुड्याच्या, म्हणजे कुटजाच्या ताज्या फुलांचं. तो ज्या रामगिरीवर होता ते नागपूरजवळचं रामटेक, असं संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी मांडलं. रामटेक आजच्या संत्र्याच्या मुलखापासून फार लांब नाही.

अंजनी हे माझं स्वतःचं आवडतं झाड. माथेरान-महाबळेश्वरच्या जंगलात आणि कोकणातल्या देवरायांत ते एरवी लक्षातही येत नाही. एप्रिल-मेमध्ये, पुष्कळदा वळवाच्या सरीनंतर, त्याच्या जुन्या फांद्यांवरच निळ्या-जांभळ्या फुलांचे घोस फुटतात, इतके दाट की खालची साल दिसत नाही. दोन-चार दिवसांत सगळं संपतं. कळलं त्याच दिवशी निघालं तरच पाहायला मिळतं.

पारिजातक आणि बूच पावसाळ्याच्या शेवटाकडे फुलतात, पण एका सरीने नव्हे, ऋतूच्या बदलाने.

एकाच दिवशी सगळी झाडं कशी फुलतात?

पाऊस सगळ्यांना एकाच वेळी मिळतो म्हणून. झाडांचा त्यात फायदा आहे. ज्यांना दुसऱ्या झाडाचा पराग लागतो त्यांना तो त्याच वेळी मिळतो, आणि फुलं-बिया खाणाऱ्या किड्यांना सगळं खाऊन संपवता येत नाही.

वादळानंतर किंवा गारपिटीनंतर झाड अवेळी फुललं, तर ते मरणार आहे का?

बहुतेक वेळा नाही. वादळाने किंवा गारांनी पानं झोडपली जातात आणि पानंच झोपलेल्या कळ्यांना रोखून धरत असतात. पानं गेली की कळ्या सुटतात. जपानात २०१८ च्या ऑक्टोबरात चेरीची झाडं फुलली होती, त्याआधीच्या वादळांनी त्यांची पानं झडली होती. मात्र आजारी मुळांचं झाडही कधीकधी शेवटचा मोठा बहर देतं. बुंध्याशी डिंक किंवा साल सुटलेली दिसली तर लक्ष द्या.

गच्चीवरच्या कुंडीतल्या लिंबाला फूलच येत नाही. काय करू?

रोज पाणी घालणं थांबवा. कुंडीतलं लिंबू फुलत नाही त्याचं सगळ्यांत मोठं कारण मायेने घातलेलं जास्तीचं पाणी हेच असतं. मे महिन्यात पाणी हळूहळू कमी करत पूर्ण बंद करा. कुंडीत माती थोडी असते, त्यामुळे आठ-दहा दिवसांत पानं वळू लागतात. वळलेली दिसली की थांबा, जास्त ताणू नका. मूठ-दोन मूठ शेणखत मिसळा, पहिल्या दिवशी अर्धा तांब्या पाणी द्या, चार दिवसांनी भरपूर. नत्राचं खत जास्त झालं असेल तर तेही बंद करा. रोप बियांपासून केलेलं असेल तर त्याला पहिलं फूल यायला काही वर्षं लागतात, तिथे ताणाचा उपयोग नाही. कलमाचं असेल तर फूल येईल.

संत्र्याचा बहर बघायला कधी आणि कुठे जावं?

मृगाचा पाऊस चांगला झाला असेल तर जुलैचा पहिला-दुसरा आठवडा. अमरावती जिल्ह्यात वरूड, मोर्शी आणि नागपूर जिल्ह्यात काटोल, नरखेड. आंबिया बहर बघायचा असेल तर फेब्रुवारी. सकाळी पोचा, दुपारी वास मावळतो. बागेत शिरण्याआधी मालकाला विचारा, आणि जुलैत गेलात तर गमबूट न्या, कारण काळी माती ओली झाली की चप्पल तिथेच राहते. चिखलदऱ्याला कॉफी आहे, तिचा बहर पाहायचा तर तिथे उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाऊस झाल्यावर आठ-दहा दिवसांनी जा.